माथ्यावरचा चिखल

बूट दाराबाहेर काढायचे, हा या घरातला जुना कायदा.
विल्फ तो कधी मोडत नाही.
चौकटीला धरून, एका पायावर डुलत
टाचेनं टाच सोडवतो
आणि मोज्यांची ओली पावलं फरशीवर उमटवत
चहाकडे जातो.

बुटांवरून दोघांचं एकेचाळीस वर्षं जमलेलं नाही.
तो म्हणतो, चिखल वाळू द्यावा, मग भिंतीवर आपटावा,
आपोआप खपल्या पडतात.
ऑड्री म्हणते, वाळलेला चिखल शिवणीत जाऊन बसतो
आणि पाहुण्यासारखा उठत नाही.
बूट तीच धुते.
तेव्हा वाद कोण जिंकलं ते उघड आहे.

इकडे उघड्याबोडक्या डोंगराला फेल म्हणतात.
नापास होण्याशी त्याचा काही संबंध नाही.
वारा, मेंढ्या, दगडी गडगे,
आणि वर धावत जाऊन
खाली धावत येणारी हाडकुळी, हट्टी माणसं.
विल्फ त्यांतलाच. अडुसष्टाव्या वर्षीही.

मागच्या अंगणात नळ, बादली,
भांड्यांचा जुना ब्रश, आणि कोपऱ्यांसाठी
केस फिसकटलेला दातांचा.
पाणी थंडच. गरम पाण्यानं चिकटवलेलं सुटतं
आणि सोल जिभेसारखा लोंबायला लागतो.
नाड्या मगात. आतली गादी वेगळी, भिंतीला टेकून.
मग बूट मांडीवर उलटा घेऊन
रबरी दातांमधला चिखल ती काटकीनं उकरते,
लहानपणी वडिलांच्या घोडीचे खूर उकरायची
तसा.

चिखल तिला वाचता येतो.
ही पिवळी चिकण, ओढ्यालगतची.
ही भुरकट, मेंढ्यांच्या फाटकाजवळची,
तिच्यात लेंड्या आणि लोकरीचा धागा.
नेच्याचं एक तांबूस पान.
यानंतर काळी यायला हवी,
माथ्याखालच्या दलदलीतली,
जी नखांत आठवडाभर राहते
आणि पाण्यात सोडली की पाण्याचा कोरा चहा होतो.

ती दुसरा बूट घेते.
नाही.
बादलीतलं पाणी पिवळं. नुसतं पिवळं.

"वर काय वारा होता," आत येता येता तो म्हणाला होता,
"माथ्यावर उभं राहवेना."

दोन तास दहा मिनिटं.
फाटकापर्यंत पंचवीस, परतायला वीस.
उरलेल्याचा हिशेब ती करायला लागते आणि सोडून देते.
धुण्याच्या ढिगातली त्याची आखूड पँट उचलून बघते.
बुडाला हिरवं शेवाळ, गडग्याच्या दगडावरचं,
दोन्ही बाजूंना सारखं उमटलेलं.

मंगळवारी जिन्यात तो मध्येच थांबला होता.
नाडी बांधतोय, म्हणाला.
पायात सपाता होत्या.

आता वाळवणं. स्टोव्हजवळ नाही, रबर आखडतं.
उन्हाची तर इथे वाट बघण्यात अर्थच नसतो.
शुक्रवारचा पेपर: मेंढ्यांचे भाव,
पूल दुरुस्तीसाठी बंद,
कुणाचा तरी जुना ट्रॅक्टर विकणे आहे.
चुरगाळून, अंगठ्यापर्यंत सारून.
निधनाचं पान नेहमी डाव्या बुटात जायचं.
आज ते ती स्टोव्हमध्ये घालते
आणि दार लावून घेते.

रात्री दहाला कागद बदलायला ती परत खाली येते.
आतून निघालेले बोळे जड, ओले,
कुणाच्या तरी पावलांच्या आकाराचे.
मागे विल्फ उभा. केव्हा आला कळलं नाही.

"निघाला का गं तो काळा?"

ती बुटात हात घालून बोटांनी ओल बघते.
पुढे अजून आहे. टाचेकडे कमी.

"निघाला," ती म्हणते. "बराच होता."

तो काही बोलत नाही.
मग गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू तिच्याशेजारी खाली बसतो
आणि एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा
एक पान स्वतःहून चुरगाळायला घेतो.

"फार घट्ट नको," ती सांगते,
"बुटाचा आकार जातो."